मरून भिंत आणि पांढरा प्रायमर

पाऊस सरला की दिवाळीआधी रंगकाम उरकायची घाई सुरू होते. शेडकार्डवर सगळ्या घराची चर्चा होते, प्रायमरच्या वेळी मात्र ‘टाका कुठलाही पांढरा’. बजेट हलतं ते बरेचदा इथे.

समजा, हॉलच्या एका भिंतीला मरून द्यायचाय. दुकानात मशीनवर असा गडद शेड बनवतात, तेव्हा त्याच्या बेसमध्ये पांढरं पिगमेंट अगदी कमी असतं, कधी नसतंच. आणि मागचं झाकायचं काम मुख्यतः तेच करतं. त्यामुळे पांढऱ्या प्रायमरवर मरूनचे दोन हात मारले तरी रोलरचे पट्टे दिसतात. मग तिसरा हात, चौथा हात. प्रत्येक हाताला महागडं इमल्शन आणि वर मजुरी.

यापेक्षा प्रायमरलाच रंग द्या ना! लाल-मरूनखाली मध्यम करडा, म्हणजे पांढऱ्या प्रायमरमध्ये थोडा काळा स्टेनर. गडद निळ्या-हिरव्याखाली त्याच रंगाची फिकी छटा. पिवळ्याखाली करडा अजिबात नको, पिवळा मळकट हिरवट दिसायला लागतो. वॉटर-बेस प्रायमरला चालणाराच स्टेनर घ्या, थेंबाथेंबाने टाका, डब्यावर लिहिलेली मर्यादा ओलांडू नका. जास्त झाला तर प्रायमर नीट सुकत नाही. पूर्ण भिंतीचा प्रायमर एकाच बादलीत कालवा. शेड तंतोतंत जुळवत बसू नका. थोडा फरक असला तर वरचा हात कुठे राहिला ते लगेच कळतं.

अर्थात हे सगळं भिंत कोरडी असेल तर. ऑक्टोबरचं ऊन कितीही कडक असो, बाहेरच्या बाजूच्या भिंतीत ओल मुरलेली असू शकते. प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दिवसभर राहू द्या. आतून, भिंतीच्या बाजूला थेंब जमले तर रंगकाम थांबवून आधी गळती शोधा. दिवाळी तोंडावर असली तरी! अशा भिंतीवर ‘पक्का बसेल’ म्हणून ऑइल-बेस प्रायमर मारला, तर ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात.

भिंतीवरून हात फिरवा. पांढरी पूड लागली, तर तो जुना चुना किंवा सुटलेला डिस्टेंपर. खरवडून काढल्याशिवाय कुठलाच प्रायमर टिकणार नाही. उलट जुनं इमल्शन घट्ट असेल आणि नवा शेडही तसाच फिका असेल, तर अख्ख्या भिंतीला प्रायमर लागतही नाही. हलका पॉलिश पेपर मारून पुसून घ्या. पुट्टी भरलेल्या जागी मात्र प्रायमर हवाच. पुट्टी रंग शोषते, मग तेवढेच डाग वेगळे दिसतात.

आणि हो, पेंटरकाकांशी भाव ठरवताना दोन गोष्टी लिहून घ्या: दरात प्रायमर धरलाय का, आणि वरचे हात किती.