मानेला बसलेला हिसका



विषय जाहीर होताच समोरच्या दोघा-तिघांचे हात मानेकडे गेले, ते मला इथून दिसलं. चालू द्या.

टोलनाक्याच्या रांगेत तुमची गाडी उभी आहे आणि मागच्याने ठोकलं. आम्ही ज्याला 'व्हिपलॅश' म्हणतो, तो हिसका पुष्कळदा अशा किरकोळ धडकेतच बसतो. बंपर पोचतो, काच शाबूत राहते, दोघे खाली उतरून यथेच्छ भांडतात. तेव्हा मान दुखतही नाही. दुखणं उगवतं दुसऱ्या दिवशी सकाळी, उशीवरून डोकं उचलताना.

धडक बसताच सीटची पाठ तुमचं धड पुढे ढकलते. डोकं मात्र साडेचार-पाच किलोचं, चांगल्या कलिंगडाएवढं. ते जडत्वामुळे जागच्या जागी राहतं. मानेत सात मणके. त्यांतले खालचे मागे वाकतात, त्याच वेळी वरचे पुढे झुकतात आणि सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात मानेला इंग्रजी 'एस'सारखा बाक येतो. एरवी मान अशी कधी वाकत नाही. स्नायू सावध होऊन आवळले जाईपर्यंत हा खेळ आटोपलेला असतो. मग डोकं मागे फेकलं जातं आणि पुढे येतं. दुखापत होते ती मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांना, त्यांच्या आवरणांना, अस्थिबंधांना, स्नायूंना. एक्स-रेवर दिसतात हाडं. या मंडळींची इजा नाही.

म्हणून रुग्ण फिल्म उजेडाकडे धरून विचारतो, "सगळं नॉर्मल आहे, मग दुखतं का?" आणि सोबत आलेले नातेवाईक एकमेकांकडे पाहतात.

हा संशय आपल्याकडेच आहे असं नाही. 1996 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिथुआनियातल्या कौनास शहराचा अभ्यास आला. मागून धडक बसलेल्या 202 जणांना एक ते तीन वर्षांनी विचारलं, तर त्यांची मानदुखी इतरांहून जास्त नव्हती. तिथे तेव्हा विम्याची भरपाई मागण्याची फारशी पद्धतच नव्हती. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताने 1995 पासून वेदनेपोटी मिळणारी भरपाई बंद केली, तर असे दावे 28 टक्क्यांनी घटले आणि निकालीही लवकर निघू लागले. म्हणजे ही सारी माणसं लबाड होती? मला तसं वाटत नाही. लिथुआनियाचा नमुना लहान होता, ही टीका रास्तच आहे. पण वेदना खरी असली तरी ती किती दिवस मुक्काम करील, हे भीती, वाद आणि कोर्टाच्या तारखाही ठरवतात, एवढं मी मान्य करतो.

उपचारांबद्दल माझं मत ठाम आहे. गळ्यात पट्टा घालून महिनाभर बसून राहणं हा उपचार नव्हे. हाड मोडलेलं नाही, नस दबलेली नाही, याची डॉक्टरांनी खात्री केली की पहिल्या दिवसांपासून मान हळूहळू हलवायची. डावीकडे, उजवीकडे, सोसेल तितकी. गरजेपुरती वेदनाशामकं घ्यायची, रोजची कामं सुरू ठेवायची. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं. काहींचं रेंगाळतं, त्यांना फिजिओथेरपिस्टची मदत लागते. आणि सलूनमध्ये चंपीनंतर मान कडाडून मोडून घेण्याची हौस असेल, तर ती कायमचीच सोडा; हिसक्यानंतर तर हा प्रकार घातकच.

मात्र हातांना मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, चालताना तोल जात असेल, मान दोन्हीकडे 45 अंशही वळत नसेल किंवा वय 65च्या पुढे असेल, तर घरी शेकत बसू नका. तडक रुग्णालय गाठा. गाडी उलटली असेल तर माणसाला ओढून बाहेर काढण्याची घाईही नको, आग किंवा दुसरा धोका नसेल तर. मान स्थिर धरा आणि 108 ला फोन करा.

राहिली हेडरेस्ट. अमेरिकेने मोटारींच्या पुढच्या सीटना ती 1969 पासून सक्तीची केली, ती डुलकी काढण्यासाठी नव्हे, तर मागे जाणारं डोकं अडवण्यासाठी. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत ती तळाशी दाबलेली असते. अशी हेडरेस्ट डोक्याला नव्हे, मानेला टेकते. तेव्हा आज घरी निघण्याआधी ती वर करा. वरची कड माथ्याच्या पातळीला हवी आणि डोक्यामागे तीन-चार बोटांपेक्षा जास्त फट नको. मागच्या सीटवर आई-वडील बसत असतील, तर त्यांच्याही हेडरेस्ट तपासा.