'स्ट्राइक' : शरणागतीतून नकाराकडे



'स्ट्राइक' हा इंग्रजी शब्द आपल्या कामगारांच्या तोंडी पुरता रुळला आहे. प्रहार करणे, नाणे पाडणे, काडी ओढणे असे त्याचे अनेक अर्थ आहेत. मग काम बंद ठेवणे हा अर्थ त्यास कोठून प्राप्त झाला?

त्याचे उत्तर १७६८ च्या लंडनमध्ये सापडते. महागाई आणि तुटपुंजे वेतन यांमुळे तेथील श्रमिक अस्वस्थ होते. त्या वर्षी टेम्स नदीतील व्यापारी जहाजांच्या खलाशांनी वेतनवाढीसाठी शिडे उतरविली आणि जहाजे जागच्या जागी रोखून धरली. शीड उतरविणे यास इंग्रजीत 'स्ट्राइक' म्हणत. तत्पूर्वी ही कृती शरणागतीची खूण होती; बलवान नौकेसमोर दुबळ्या नौकेने शीड उतरवून मान तुकवावयाची. खलाशांनी तीच कृती नकाराची केली. जहाज, माल व भांडवल मालकाचे होते. शीड चढविणारे हात मात्र त्याचे नव्हते.

या नकाराचे सामर्थ्य राज्यसत्तेनेही ओळखले. वेतनवाढीसाठी कामगारांनी एकत्र येणे हाच ब्रिटिश पार्लमेंटने १७९९ व १८०० च्या कायद्यांनी गुन्हा ठरविला. ते कायदे १८२४ मध्ये रद्द झाले.

मराठीने या अर्थासाठी 'संप' हा शब्द योजला. शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे एकोपा. इंग्रजी शब्द कृती सांगतो, तर हा शब्द त्या कृतीची पूर्वअट सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांनी संप सुरू केला. वर्ष उलटले तरी ते झुंजत राहिले. परंतु कापडाचे उत्पादन यंत्रमागांकडे वळले होते. एका जहाजाचे शीड उतरले, तरी मालकवर्गाची दुसरी जहाजे चालूच होती.

आता या शब्दाची व्याख्या कायदाही विस्तारीत आहे. एखाद्या उद्योगातील निम्म्या वा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी संगनमताने किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच, असे २०२० ची औद्योगिक संबंध संहिता म्हणते. संपाच्या पूर्वसूचनेचे बंधनही तिने सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केले आहे.

कायद्याने संपाची व्याप्ती वाढविली. कामगार चळवळीने एकोप्याची व्याप्ती वाढविली पाहिजे. कायम कामगाराचा संप चालू असता कंत्राटी कामगार आणि यंत्रमागावरील मजूर त्या एकोप्याबाहेर राहिले, तर 'संप' हा शब्द अर्धाच उरतो. तो पूर्ण करणे हे संघटनेचे काम आहे.