विजेची वाद्ये आणि तीन वादक

नवे वाद्य मैफलीत शिरले की त्याच्याविषयी वाद माजतो, हा अनुभव कोणत्याही देशाला नवा नाही. आपल्याकडे बाजाच्या पेटीचेच उदाहरण घ्यावे. संगीत नाटकांत, भजनात, गायनवर्गांत आणि घरोघरच्या दिवाणखान्यांत ती सुखाने नांदत होती. तथापि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला ध्वनिक्षेपणातून बाहेर काढले, आणि ही बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. आक्षेप क्षुल्लक नव्हता. पेटीचे स्वर ठराविक पट्ट्यांत बांधलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, आणि श्रुतींचे सूक्ष्म भेदही तिला साधत नाहीत. हे सारे खरे होते; आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या बोटांखाली तीच पेटी गाऊ लागे, हेही तितकेच खरे होते. म्हणून वाद्याचा निवाडा करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. त्या वाद्यात काय उणे आहे, हा एक. आणि वाजवणाऱ्याने त्यातून काय काढून दाखवले, हा दुसरा.

हेच दोन प्रश्न १९६९ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी तीन वादकांच्या एका संचामुळे मोठ्या तीव्रतेने उभे राहिले. त्या संचाचे नाव 'लाइफटाइम'. ड्रम वाजवणारा टोनी विल्यम्स हा त्याचा प्रमुख. जॉन मॅकलॉफ्लिन विजेवर चालणारी गिटार वाजवी, आणि लॅरी यंग विजेवर चालणारा ऑर्गन. त्यांचे संगीत जाझ या प्रकारात मोडे. पण जाझच्या कित्येक निष्ठावंतांना तो निव्वळ गोंगाट वाटला.

जाझ हे नाव मुंबईकरांना अपरिचित नाही. १९३० नंतरच्या दशकात ताजमहाल हॉटेलात जाझचे वाद्यवृंद वाजत असत, आणि गोव्याहून आलेल्या अनेक वादकांनी ती शैली पुढे हिंदी चित्रपटांच्या संगीतात आणली. या संगीताचा उगम विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरातील कृष्णवर्णीय समाजात झाला. त्याचे मर्म आपल्या श्रोत्यांना समजण्यास कठीण नाही. एखादी चीज ठरलेली असावी, तालाचे आवर्तन ठरलेले असावे, आणि त्या चौकटीत वादकाने आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करावा, ही गोष्ट आपल्या रागदारीला जवळचीच आहे. भेद इतकाच की, जाझमध्ये एकाच वेळी निरनिराळे स्वर मिळून होणाऱ्या स्वरसंघातांची साखळी तालाबरोबर फिरत राहते, आणि विस्तार त्या साखळीच्या धोरणाने करावयाचा असतो.

आता वाद्यांकडे वळू. साध्या गिटारीचा आवाज तिच्या पोकळ लाकडी पेटीत घुमून मोठा होतो. सतारीच्या भोपळ्याचे कार्यही तेच. परंतु तुताऱ्यांच्या आणि सॅक्सोफोनच्या गदारोळात हा नाजूक ध्वनी बुडून जाई, आणि म्हणून मोठ्या वृंदांत गिटार केवळ ठेका धरण्यापुरती उरली होती. यावर १९३० च्या सुमारास तोड निघाली. पोलादी तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवले, की तार थरथरताच वेटोळ्यात तिच्याच गतीचा सूक्ष्म वीजप्रवाह उत्पन्न होतो. ध्वनिवर्धक तो वाढवतो, आणि कर्णा त्याचा पुन्हा आवाज करतो. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन हा तरुण बेनी गुडमन याच्या संचात अशी गिटार घेऊन आला आणि एकेक स्वर सॅक्सोफोनच्या तोडीने वाजवू लागला. १९४२ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो क्षयाने वारला. पण गिटारीला तिचे स्थान मिळवून देऊन गेला.

ऑर्गनची कथा याहून चमत्कारिक आहे. लॉरेन्स हॅमंड हा विजेची घड्याळे तयार करणारा कारखानदार. ज्या कौशल्याने घड्याळाचा काटा एकसारखा फिरतो, त्याच कौशल्याने त्याने लोखंडी दातेरी चकत्या फिरवल्या. चकतीचा दाता चुंबकासमोरून गेला की शेजारच्या वेटोळ्यात प्रवाहाची एक लाट उठते. चकतीची गती व दात्यांची संख्या यांवर स्वराची उंची ठरते. या वाद्याच्या प्रसिद्ध नमुन्यात अशा ९१ चकत्या असून, त्यांचे स्वर कमीअधिक मिसळण्यासाठी ओढून घ्यावयाच्या दांड्या असतात. चर्चमधील नळ्यांचा अवाढव्य ऑर्गन ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी म्हणून हे वाद्य १९३५ साली बाजारात आले. पट्टी दाबताच त्यातून 'टक्' असा बारीक आवाज येई, आणि निर्मात्यांच्या मते तो दोष होता. परंतु जाझच्या वादकांना तोच टणकपणा आवडला, कारण त्यामुळे प्रत्येक स्वराला तबल्याच्या बोलासारखी धार येई.

ऑर्गन, गिटार आणि ड्रम हा तिघांचा मेळ काही 'लाइफटाइम'ने शोधून काढलेला नव्हता. १९५० नंतर जिमी स्मिथ या ऑर्गनवादकाने तो लोकप्रिय केला, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील लहान उपाहारगृहांत व मद्यगृहांत असे संच रोज रात्री वाजत असत. खर्जाचे स्वर ऑर्गनवादक डाव्या हाताने आणि पायांखालील पट्ट्यांनी सांभाळी. त्यामुळे खर्जवाद्यासाठी चौथा माणूस लागत नसे. अर्थात विल्यम्सने घर जुनेच घेतले. त्यात राहण्याची रीत मात्र पार पालटून टाकली.

हे धाडस करणारा माणूस कोणी नवशिका नव्हता. १९४५ साली जन्मलेला विल्यम्स बॉस्टन येथे वाढला, आणि सतराव्या वर्षी, म्हणजे १९६३ साली, माइल्स डेव्हिस या श्रेष्ठ कर्णावादकाच्या संचात दाखल झाला. जाझमधील त्याहून मानाची जागा त्या काळी क्वचितच दुसरी असेल. तेथे त्याने ड्रमला केवळ ठेक्याच्या चाकरीतून सोडवून संवादाच्या पातळीवर आणले. तेविसाव्या वर्षी ती जागा सोडून त्याने स्वतःचा संच उभारला. लंडनमधील मॅकलॉफ्लिनच्या वादनाची एक ध्वनिफीत त्याच्या ऐकण्यात आली आणि त्याने त्या इंग्रज वादकाला अमेरिकेत बोलावून घेतले. तेथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, १९६९ च्या फेब्रुवारीत, मॅकलॉफ्लिन डेव्हिसच्याच ध्वनिमुद्रणात वाजवीत होता. न्यूअर्कचा लॅरी यंग याने तर 'युनिटी' या १९६५ सालच्या ध्वनिमुद्रिकेने ऑर्गनवादनाला स्मिथच्या छायेतून बाहेर काढलेच होते.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात या तिघांनी दोन दिवसांत 'इमर्जन्सी' नावाची दोन तबकड्यांची मुद्रिका ध्वनिमुद्रित केली. ती ऐकू लागताच कानाला पहिला धक्का बसतो तो आवाजाच्या फाटलेपणाचा. ध्वनिवर्धकाला झेपेल त्याहून मोठा प्रवाह दिला, की ध्वनीच्या लाटांचे माथे चपटे होतात, आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यात उमटतात. यंत्रज्ञ यास दोष म्हणतात. 'इमर्जन्सी'त हा दोष गिटारीत आहे, ऑर्गनमध्ये आहे, आणि बहुतांशी मुद्रणातही आहे. काही ठिकाणी विल्यम्स स्वतः गायिला आहे; तो गायक नव्हता, हे त्याच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते. टीकाकारांनी हे सारे सांगितले, आणि त्यांत खोटे काही नव्हते.

परंतु पेटीविषयीचा दुसरा प्रश्न येथेही विचारावयास हवा: या तिघांनी त्या वाद्यांतून काढले काय? नित्याच्या संचात एकजण बोले आणि बाकीचे त्याला साथ देत. येथे ड्रम पाठीमागे राहतच नाही. विल्यम्सच्या झांजा अखंड झरझरत राहतात, आणि तालाची मात्रा तो उघडपणे मोजून न दाखवता तिच्या आजूबाजूला खेळतो. गिटार एखादी वेगवान तान फेकते. तिच्या शेवटच्या स्वरावर ड्रमचा आघात पडतो. आणि ऑर्गन त्या दोघांखाली ढगासारखा पसरलेला एखादा स्वरसंघात हलकेच दुसरीकडे वळवतो. आपल्या जुगलबंदीत सवालजवाब असतात, पण तेथे एकजण थांबून ऐकतो व मग उत्तर देतो. हे तिघे बोलता बोलताच ऐकतात. आवाज कानठळ्या बसवणारा असूनही त्यात एकमेकांवर कुरघोडी नाही, ही गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात ध्यानात येते. आणि तो फाटलेपणाही मग निराळा वाटू लागतो: विजेच्या गिटारीचा स्वर लांबतो, थरथरतो, ऑर्गनच्या स्वरात मिसळतो, आणि कोणता कोणाचा हे काही क्षण कळत नाही. साध्या लाकडी गिटारीवर हे घडणे शक्यच नव्हते.

याची किंमत मात्र त्यांना मोजावी लागली. जाझचे जुने श्रोते दुरावले. तरुण पिढीचे रॉक संगीत ऐकणाऱ्यांना हे वादन फार अवघड वाटले. १९७० साली जॅक ब्रूस हा खर्जगिटार वाजवणारा त्यांना येऊन मिळाला, दुसरी मुद्रिका निघाली, पण पैशाचे यश काही आले नाही. आणि थोड्याच अवधीत हा मूळ मेळ फुटला. लॅरी यंग १९७८ साली वयाच्या सदतिसाव्या वर्षी निवर्तला, आणि विल्यम्स १९९७ साली एक्कावन्नाव्या. दोघांच्याही हयातीत त्या पहिल्या धाडसाचे पुरते चीज झाले असे म्हणवत नाही. पुढे २००४ साली जॅक डीजॉनेट, जॉन स्कोफील्ड व लॅरी गोल्डिंग्ज या तीन नामांकित वादकांनी लंडन येथे विल्यम्सच्या स्मरणार्थ तसाच तिघांचा मेळ जमवून त्याचे संगीत वाजवले, तेव्हा ज्याला गोंगाट म्हटले गेले होते तो एक घराणे होऊन बसला होता.

मॅकलॉफ्लिनचा पुढील मार्ग तर आपल्या दाराशी येऊन पोहोचतो. विजेच्या गिटारीने कीर्ती मिळवलेल्या या वादकाने १९७५ च्या सुमारास 'शक्ती' हा संच उभारला, तेव्हा वीज बाजूला ठेवली. मुंबईचे झाकीर हुसेन तबल्यावर, एल. शंकर व्हायोलिनवर, विक्कू विनायकराम घटावर. आणि मॅकलॉफ्लिनच्या हाती लाकडी गिटार, पण खास घडवून घेतलेली. तिला सतारीच्या तरफांप्रमाणे अनुनादी तारा जोडलेल्या होत्या, आणि तार ओढून मींड घेता यावी म्हणून पडद्यांमधील लाकूड कोरून खोलगट केलेले होते. याच नावाच्या संचाला, शंकर महादेवन यांच्या गायनासह, २०२४ च्या फेब्रुवारीत ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात उस्ताद झाकीर हुसेन यांचे निधन झाले.

ज्याने एकदा विजेचा गडगडाट केला, त्यानेच पुढे मींडेसाठी लाकूड कोरवून घेतले, यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. जे बोलावयाचे आहे त्याला कोणते वाद्य पुरे पडेल, हे तो प्रत्येक वेळी नव्याने ठरवीत होता. विजेचा कैवारही त्याने घेतला नाही आणि तिचा विटाळही मानला नाही.

ज्यांना 'इमर्जन्सी' ऐकण्याचा योग येईल त्यांनी पहिल्या धक्क्याने यंत्र बंद करू नये. प्रथम केवळ झांजांकडे कान द्यावा. दुसऱ्या वेळी ऑर्गनच्या खर्जाकडे. आणि तिसऱ्या वेळी तिघांकडे मिळून. त्यानंतरही ते संगीत आवडले नाही तर नावड प्रामाणिक ठरेल, आणि तीन वेळा ऐकून ठरवलेल्या नावडीला कोणत्याही वादकाने नाके मुरडू नयेत.