राणी स्वतः बोलते तेव्हा

श्रोतेहो, रोमचा सम्राट नीरो याची आई अग्रिपिना कपटी, सत्तेची हावरी, असे आपण वाचतो. पण हे सांगतो कोण? इतिहासकार टॅसिटस. तिचा खून इ. स. 59 मध्ये झाला. त्याने लिहिले त्यानंतर अर्ध्या शतकाने. तिने स्वतः आठवणी लिहिल्या होत्या, त्या मात्र नष्ट झाल्या.

आता आपल्या विदर्भाकडे पाहू. पाचव्या शतकाच्या आरंभी इथे वाकाटकांचे राज्य होते. राजा दुसरा रुद्रसेन वारला तेव्हा मुले लहान होती. राणी प्रभावतीगुप्ता, म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, हिने रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून कारभार चालवला. तिने दंगुण गाव दान दिल्याचा ताम्रपट पुण्यात एका तांबटाकडे मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते दंगुण म्हणजे आपले हिंगणघाट! त्यात राणी गावच्या कुटुंबांना आधी कुशल कळवते, मग आज्ञा करते. मुद्रेवर ती युवराजाची आई. पण वंशावळ सांगते ती माहेरची, गुप्तांची.

दानपत्रात कोणी स्वतःचे दोष लिहीत नाही, हे खरेच. तरी इथे बोलते ती स्वतः.

गुरुजी, मुलांना विचारायला शिकवा: हे कोणी लिहिले, केव्हा, कशासाठी? आणि मंडळी, नांगराला अक्षरे कोरलेला पत्रा लागला, तर तो मोडीत घालू नका. त्या तांबटाने पत्रे वितळवले असते, तर एक घागर झाली असती अन् राणीचे शब्द गेले असते.