एकच बंद खोली : ती कोणाची?

(देवणी येथील महिला गटांच्या सामाईक कार्यालयाची आतली मांडणी ठरवण्यासाठी झालेल्या बैठकीतले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपण बसलो आहोत ती जागा अजून रिकामी आहे. तीस फूट लांब, वीस फूट रुंद, वर पत्रे, आणि मागच्या अंगाला पक्क्या विटांची एक छोटी कोठी. चार गट, शिवणवर्ग, कायदा-सल्ल्याचं काम आणि फॉर्म भरून देणारं संगणकाचं टेबल, एवढ्यांनी मिळून भाडं भरायचं ठरलं आहे. भाड्याचा हिशेब दोन बैठकांत मिटला. कोण कुठे बसणार, यावर मात्र ही पाचवी बैठक. काहीजणी वैतागल्या आहेत. मला स्वतःला या वेळेचं काही वाटत नाही, कारण याच गोष्टीत मी एकदा चुकले आहे. ते पुढे सांगते.

शहरात अशा सामाईक कार्यालयाला हल्ली ‘को-वर्किंग’ म्हणतात. याची सुरुवात म्हणून ज्या जागेचं नाव घेतात ती अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला होती. २००५ साली ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या तरुणाने स्त्रीवादी बायकांच्या एका सामूहिक घरात आठवड्यातले दोन दिवस जागा घेतली. सकाळी घडीची टेबलं मांडायची, संध्याकाळी आवरून ठेवायची. पुढे त्याचा मोठा धंदा झाला, काचेच्या केबिनी आल्या, आणि ते बायांचं घर कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. असो.

आपल्याला लांब जायची गरज नाही. आपल्या भागातला जुना वाडा आठवा. दारातून आत शिरलं की आधी ढाळज. तिथे पुरुष बसणार, पाव्हणे बसणार, गावाचा न्याय तिथे होणार. बाईला बाहेर जायचं तर ढाळजेवरून, पदर सावरून, खाली बघत. तिची जागा माजघर, चूल, न्हाणी. जिथे उजेड कमी आणि धूर जास्त. बाईने ढाळजेत बसू नये असं कुठे लिहून ठेवलं नव्हतं. ते लिहायची गरजच नव्हती, घराची बांधणीच ते सांगत होती. आणि ज्यांना वाडाच नव्हता, ज्यांची घरं वेशीबाहेर होती, त्यांना तर ढाळजेची पायरीसुद्धा चढता येत नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ही दगडमातीची, जड माळवदाची घरं माणसांच्या अंगावर आली. मी तेव्हा अगदी लहान होते. आमच्याकडे तर सगळे कितीतरी महिने अंगणातच झोपायचे, एवढंच आठवतं. नंतर बावन्न गावं नव्या जागी बसवली. घरं कशी दिली? भूमिहीन आणि अडीच एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला अडीचशे चौरस फूट, त्याच्या वरच्याला चारशे, आणि मोठ्या जमीनदाराला साडेसातशे. म्हणजे ज्या बाईचं सगळं जगणं घराच्या चार भिंतींत आणि दुसऱ्याच्या रानात, तिला सगळ्यात लहान घर. आणि मोजलं काय, तर नवऱ्याच्या नावावरची जमीन.

पण त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. जी गावं हलवली नाहीत, तिथे घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण सुरू झालं. त्यात महिला मंडळांच्या बाया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. भिंतीत आडवे दगड कुठे घालायचे, सिमेंट किती, हप्ता कधी मिळणार, हे बाया घरोघर जाऊन सांगू लागल्या. भिंत ही गवंड्याची आणि घरधन्याची गोष्ट, हे तिथे पहिल्यांदा मोडलं. आज आपण हातात टेप घेऊन भांडतो आहोत, ते त्यांच्या जिवावर.

आता माझी चूक. माझं पहिलं कार्यालय, गाव सांगत नाही, मोठ्या रस्त्यावरचा एक गाळा होता. वर ओढायचं शटर, आत एकच हॉल, दाराशी माझं टेबल. मला वाटायचं, किती मोकळं वातावरण! आठवडी बाजाराच्या दिवशी एक बाई आली. टेबलाशी दोघं-तिघं दाखल्यांसाठी उभे होते. ती बराच वेळ बसली. मी विचारलं, “काय काम होतं, ताई?” तिने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, “रेशन कार्डात नाव घालायचंय.” मी फॉर्म भरून दिला. ती गेली. आठ महिन्यांनी ती मला सरकारी दवाखान्यात दिसली, हाताला प्लास्टर. म्हणाली, “म्याडम, त्या दिशी त्येच सांगाया आले होते. पण हितं सांगितलं आस्तं तर मी घरी जायच्या आधी घरी कळलं आस्तं.”

मी समाजकार्यात एम.ए. केलं आहे. गोपनीयतेवर मी पेपर लिहिला होता, चांगले गुण मिळाले होते. टेबल कुठे ठेवावं हे त्यात नव्हतं.

म्हणून त्या मागच्या कोठीचा प्रश्न. आपल्याकडे दार लावता येईल अशी एकच खोली आहे आणि मागणाऱ्या तिघी आहेत. संगणकवाल्या म्हणतात, धूळ बसते. ते खरं आहे, त्याला जाड कापडाचं झाकण शिवू. दोन गटांचं म्हणणं, अध्यक्षबाईंना केबिन हवी, साहेब लोक आले तर बसवायचे कुठे? मला याचा राग येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची मिळालेल्या बाईला केबिन हवीशी वाटणारच. पण साहेबाला सगळ्यांसमोर बोलायला काय अडचण आहे? उलट त्याने सगळ्यांसमोरच बोलावं. दार लावून बोलण्याची गरज जिला आहे, ती खोली तिची.

प्लायवूडचा आडोसा करून भागेल असं सुचवलं गेलं होतं. गेल्या आठवड्यात आपण करून पाहिलं. सात फुटी प्लाय उभी केली, आत दोघी नेहमीच्या आवाजात बोलल्या, बाहेर एकजण नुसती बसली होती. तिला जवळजवळ सगळं ऐकू आलं. प्लायच्या वरून आवाज पत्र्याला लागून खाली येतो. कोठीला विटांची भिंत वरपर्यंत आहे, तिथे हे होत नाही. शिवाय शिवणयंत्रं कोठीच्या बाहेर लावली तर त्यांच्या खडखडाटाने उरलंसुरलं झाकलं जाईल. उत्तरेची खिडकीही तिकडेच आहे, शिवणाऱ्यांना उजेड मिळेल.

दाराचं मात्र मी आधी चुकीचं सुचवलं होतं. कोठीला गल्लीतून एक जुनं दार आहे. मी म्हटलं, तक्रारवाली बाई तिथून येईल, कोणाला दिसणार नाही. त्यावर वस्तीतल्या एक मावशी उठल्या : “जल्मभर मागल्या दारानं आलाव. आता आपल्या हापिसात बी मागल्या दारानंच यायचं का?” मी गप्प झाले. मार्गही त्यांच्याच गटाने काढला. सगळ्यांचा रस्ता पुढूनच. आत एक बोळ ठेवायचा, आणि पाण्याचा माठ, संडास आणि कोठी, तिन्हींचं दार त्या बोळात. बाई बोळात गेली तर ती पाणी प्यायला गेली, संडासला गेली की बोलायला गेली, हे बाहेर बसलेल्याला कळायचं कारण नाही. मी दोन वर्षं शिकून मला हे सुचलं नसतं.

बाकीचं भराभर सांगते. संडासाला आतून कडी, बादली, झाकणाचा डबा, आणि दिव्याचं बटण आत शिरायच्या आधी हाताला लागेल असं. भिंतीकडेने पंधरा इंच उंचीचा ओटा, कारण काहीजणी खुर्चीवर आणि बाकीच्या सतरंजीवर, असं झालं की बोलणाऱ्या कोण आणि ऐकणाऱ्या कोण हे तिथेच ठरतं. सतरंजीवर सगळ्यांनी बसावं म्हटलं तर म्हाताऱ्यांचे गुडघे आहेत. झोळीसाठी छताच्या लोखंडी अँगलला दोन हूक. पाण्याचा माठ एकच, ओगराळं एकच. याआधी एकत्र बैठका घेतल्या तेव्हा काहीजणी घरून बाटली आणायच्या, आणि का आणायच्या हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना अजूनही आणायची असेल त्यांनी निदान प्रकृतीचं कारण सांगू नये.

एक कायद्याची गोष्ट. १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा आला. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आपल्यात प्रत्येकीकडे दोन-तीन माणसं. म्हणजे छताखाली वीसजण वावरणार, पण अंतर्गत समिती करायची सक्ती एकावरही नाही. दुरुस्तीला येणारा मिस्त्री, दाखल्याला येणारा माणूस, कोणाकडूनही त्रास झाला तरी जायचं लातूरला. तेव्हा त्या समितीचा पत्ता बोळात, डोळ्यांच्या उंचीवर लावायचा, आणि तिथवर जायला सोबत कोण येणार ती दोन नावं आपण आजच ठरवायची.

किल्ल्यांचं अजून ठरलेलं नाही. कोठीतल्या लोखंडी कपाटात सल्ल्याचे कागद राहतील. त्याची किल्ली अध्यक्षांकडे नसावी, माझ्याकडेही एकटीकडे नसावी, असं माझं मत आहे. यावर वाद होईल, होऊ द्या.

सुतार उद्या सकाळी येणार आहे. जमिनीवर चुन्याच्या फक्कीने बोळ, ओटा, टेबलं सगळं आखून ठेवलं आहे. जेवणं झाली की प्रत्येकीने दारातून आत यावं, आपण पहिल्यांदाच आलो आहोत असं समजून कोठीपर्यंत चालत जावं, आणि जिथे पाय अडखळेल तिथे मला थांबवावं. फक्की पायाने पुसता येते.