चारणकवी मुकुंददास : भक्तीच्या अंगणातून राष्ट्राच्या रणांगणाकडे

(व्याख्यानाचे शब्दांकन)



वंगभंगाच्या आंदोलनाचे नाव निघाले की काही नावे ओठांवर सहज येतात. बंकिमचंद्रांचे 'वंदे मातरम्', अरविंदबाबूंची लेखणी, बिपिनचंद्रांची वाणी, रवींद्रनाथांनी १९०५ च्या १६ ऑक्टोबरला केलेले राखीबंधन हे सारे मराठी वाचकाला परिचित आहे. 'लाल-बाल-पाल' ही त्रिमूर्ती तर घराघरांत पोहोचली आहे. परंतु ज्या खेडुताला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, ज्याने कोलकात्याची सभा कधी पाहिली नव्हती, त्याच्यापर्यंत स्वदेशीचा मंत्र कोणी नेला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्या प्रश्नाचे पूर्व बंगालपुरते एक उत्तर म्हणजे चारणकवी मुकुंददास. स्वतः पदे रचणारा, त्यांना चाल लावणारा, ती गाणारा आणि त्यांच्याभोवती नाट्य उभे करणारा हा लोकगायक महाराष्ट्रात जवळजवळ अज्ञात आहे. बंगालमध्येही त्यांच्या वाट्याला आदर आला, पण अभ्यास फारसा आला नाही.

दुकानदार ते कीर्तनकार

मुकुंददासांचा जन्म १८७८ चा, ढाक्याजवळच्या विक्रमपूर परगण्यातील बानारी या गावचा. मूळ नाव यज्ञेश्वर दे. वडील गुरुदयाल दे हे बारिसाल येथे सरकारी कचेरीत साध्या नोकरीत होते, त्यामुळे मुलाचे सारे आयुष्य बारिसालशी जोडले गेले. नद्या, खाड्या आणि भातशेतीचा हा प्रदेश. शहर ज्या नदीच्या काठी वसले आहे तिचे नावही कीर्तनखोला! यज्ञेश्वराचे शालेय शिक्षण मात्र फार पुढे गेले नाही. वडिलांच्या किराणा दुकानात तो बसू लागला. तरुणपणी त्याची ख्याती होती ती उनाड म्हणून.

या तरुणाला वळण लावले ते दोन गोष्टींनी. पहिली गोष्ट कीर्तनाची. ऐन तारुण्यात तो एका कीर्तनमंडळीत सामील झाला आणि लवकरच त्याने स्वतःची मंडळी उभी केली. एका वैष्णव साधूकडून त्याने दीक्षा घेतली आणि यज्ञेश्वराचा मुकुंददास झाला. १९०३ साली त्यांच्या पदांचा 'साधनसंगीत' हा संग्रह प्रसिद्ध झाला. हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वंगभंग व्हायला अजून दोन वर्षे होती. म्हणजे मुकुंददास हे आंदोलनामुळे गाऊ लागले नाहीत. ते आधी भक्त होते, आधी गायक होते, आणि आंदोलनाने त्यांच्या भक्तीला नवे क्षेत्र दिले.

दुसरी गोष्ट अश्विनीकुमार दत्तांच्या सहवासाची. वकिली सोडून शिक्षणाला वाहून घेतलेला हा सात्त्विक पुरुष बारिसालचा प्राण होता. १८८४ साली त्यांनी वडिलांच्या नावाने ब्रजमोहन विद्यालय काढले. 'भक्तियोग' हा त्यांचा ग्रंथ बंगालमध्ये घरोघरी वाचला गेला. अश्विनीकुमारांना भक्ती आणि लोकसेवा या दोन निराळ्या गोष्टी वाटतच नव्हत्या. त्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या 'स्वदेश बांधव समिती'च्या शाखा पुढे दीडशेच्या वर गेल्या. समितीच्या सुरुवातीच्या एका अहवालानुसार ८९ लवाद मंडळांमार्फत ५२३ तंटे गावातल्या गावात मिटवले गेले. शाळा, लवाद, दुष्काळातील मदत, स्वदेशी वस्तूंचा प्रसार अशी ही कामाची रीत होती. या कामाला ज्या लोकभाषेची गरज होती, ती मुकुंददासांच्या कंठात होती.

'जात्रा' आणि विवेक

'जात्रा' हा शब्द ऐकून मराठी माणसाला गावची जत्रा आठवेल. बंगालची जात्रा हा मात्र लोकनाट्याचा प्रकार आहे. पडदा नाही, नेपथ्य नाही. मोकळ्या जागेत मध्यभागी नट आणि सभोवती प्रेक्षक. रात्र रात्र चालणारा, पुराणकथांवर पोसलेला आणि गाण्यावर उभा असलेला हा खेळ आपल्या दशावताराचा नातलग शोभावा असा आहे. या जात्रेत एक पात्र पुढे रूढ झाले, त्याचे नाव 'विवेक'. कथानकात त्याचा प्रत्यक्ष भाग नसतो. राजा अधर्माकडे झुकला, भाऊ भावावर उठला की हा विवेक गात गात प्रवेश करतो, माणसाच्या अंतःकरणातील आवाज बोलून दाखवतो आणि निघून जातो.

मुकुंददासांनी जे केले त्याचे मर्म येथे आहे. त्यांच्या 'स्वदेशी जात्रे'त ते स्वतः गायक म्हणून उभे राहत, गाता गाता थांबून श्रोत्यांशी बोलत, समोरचा समाज पाहून भाष्य करत आणि पुन्हा पदावर येत. जात्रेतला विवेक जणू एका पात्रापुरता न उरता साऱ्या खेळाचा सूत्रधार झाला. आपल्याकडे कीर्तनकार निरूपण करता करता अभंगावर येतो आणि त्याच ओघात आख्यान रंगवतो, तसाच काहीसा हा प्रकार. भगवी कफनी आणि डोक्याला फेटा या वेशात उभा राहिलेला हा गायक श्रोत्यांना करमणूक करणारा नट वाटत नसे. आपल्याच घरातला, आपल्याला जाब विचारण्याचा अधिकार असलेला कोणी वडीलधारा वाटत असे.

त्यांचे पहिले मोठे नाट्य 'मातृपूजा'. नावातच सारा आशय आहे. बंगालच्या अंगणात शरदात दुर्गा येते, अमावास्येला काली येते. रामप्रसाद सेनांसारख्या अठराव्या शतकातील शाक्त भक्तकवीने या देवीशी लेकराच्या हट्टाने भांडण्याची, रुसण्याची परंपरा घालून दिली होती. मुकुंददासांनी ती वाट धरली. मात्र रामप्रसादांच्या भक्ताने आईकडे स्वतःच्या मुक्तीचे गाऱ्हाणे मांडले होते, मुकुंददासांच्या भक्ताने देशाचे मांडले. वैष्णव दीक्षा घेतलेल्या माणसाने कालीची आराधना करावी, यात त्यांना विसंगती जाणवली नाही. कीर्तनाने मन मृदू होते आणि कालीच्या उपासनेने ते निर्भय होते. देशसेवेला दोहोंची गरज असते.

गीताचा अपराध

परिणाम व्हायचा तोच झाला. खेड्यापाड्यांतून जात्रेला माणसांची रीघ लागली. बायकांनी परदेशी काचेच्या बांगड्या उतरवून टाकाव्यात, असे आवाहन करणारे एक गीत त्यांच्या कंठातून विशेष गाजले. ज्या स्त्रीला सभेत जाता येत नव्हते तिच्या मनगटापर्यंत आंदोलन पोहोचले, ते अशा गीतांतून. दुसऱ्या एका गीतात धान्याच्या कोठारात शिरलेल्या पांढऱ्या उंदरांचे रूपक होते. हे उंदीर कोण, ते कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. सरकारलाही ते नीट समजले.

१९०८ साली मुकुंददासांना अटक झाली. 'मातृपूजा' जप्त झाली. तीन वर्षांची सक्तमजुरी आणि वर दंड अशी शिक्षा होऊन त्यांना बंगालपासून दूर, दिल्लीच्या तुरुंगात पाठवण्यात आले. ते तुरुंगात असतानाच पत्नीचे निधन झाले. त्याच १९०८ च्या डिसेंबरात अश्विनीकुमारांनाही कोणत्याही खटल्याविना हद्दपार करून लखनौच्या तुरुंगात ठेवले गेले, आणि पुढील महिन्यात त्यांच्या समितीवर बंदी आली.

या घटनांकडे महाराष्ट्रातून पाहिले तर एक विलक्षण साम्य दिसते. १९०८ च्या जुलैत लोकमान्यांना मंडालेची शिक्षा झाली. १९०९ साली नाशिकच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती स्वातंत्र्यकवी गोविंदांच्या कविता प्रसिद्ध केल्याबद्दल. एकाच सुमारास देशाच्या दोन टोकांना एक बलाढ्य साम्राज्य गाण्यांना भिऊ लागले होते. पायांनी अधू असलेले नाशिकचे गोविंद आणि बारिसालचा किराणा दुकानदार गायक, दोघांकडे शस्त्र एकच होते. हा धागा केवळ योगायोगाचा नाही. देवघरजवळ जन्मलेले मराठी कुळातील सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ साली 'देशेर कथा' हा ग्रंथ बंगाली भाषेत लिहून बंगालला आपल्या लुटीचा हिशेब दाखवला. शिवाजी उत्सव बंगालमध्ये रुजवण्यातही त्यांचा पुढाकार होता. १९०६ साली कोलकात्याच्या शिवाजी उत्सवाला स्वतः लोकमान्य गेले होते आणि तेथे भवानीचे पूजन झाले होते. देऊस्करांनी आकड्यांत मांडलेले दुःख आणि मुकुंददासांनी उंदरांच्या रूपकात मांडलेले दुःख एकच होते. पहिले शिकलेल्यांना कळले, दुसरे सर्वांना.

तुरुंगानंतर

अनेकांची कथा तुरुंगापाशी संपते. मुकुंददासांची तेथे संपली नाही, आणि त्यांच्या मोठेपणाचा खरा पुरावा या उत्तरार्धात आहे. सुटून आल्यावर त्यांनी पुन्हा मंडळी जमवली. आता त्यांची दृष्टी परकीय सत्तेवरून स्वकीयांच्या दोषांकडेही वळली. 'समाज', 'पल्लीसेवा', 'कर्मक्षेत्र', 'ब्रह्मचारिणी' या त्यांच्या नंतरच्या नाट्यांची नावेच त्यांचा विषय सांगतात. हुंड्यापायी मुलींच्या बापाची होणारी विटंबना, जातीचा ताठा, ओस पडत चाललेली खेडी, कष्टकऱ्यांची पिळवणूक यांवर त्यांनी आसूड ओढले. हिंदू-मुसलमानांनी एकदिलाने राहावे, असेही ते गायले, कारण त्यांच्या समोर बसलेला शेतकरी दोन्ही समाजांतला होता. देवीची पूजा करायची आणि तिच्या लेकींना हुंड्यासाठी छळायचे, हे त्यांच्या भक्तीत बसत नव्हते. परकीयांवर टीका करताना टाळ्या मिळतात. श्रोत्यांच्या स्वतःच्या घरात डोकावताना त्या मिळतीलच असे नाही. तरीही हा गायक गात राहिला.

असहकाराच्या काळात त्यांची जात्रा पुन्हा आंदोलनाबरोबर चालली, आणि सविनय कायदेभंगाच्या पर्वात सरकारने त्यांच्या नाट्यांवर पुन्हा बंदी आणली. बारिसालला त्यांनी कालीमंदिर उभारले; ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १८ मे १९३४ रोजी कोलकात्यात त्यांचे देहावसान झाले.

विस्मरण का?

एवढा लोकप्रिय गायक विस्मृतीत का गेला? पहिले कारण त्यांच्या कलेच्या स्वरूपात आहे. त्यांची पदे कागदावर वाचली तर साधी वाटतात. शब्द रोजचे, चाली कीर्तनाच्या, बाउलांच्या, लोकगीतांच्या. ती वाचण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. हजार माणसांनी ध्रुपद उचलून धरावे, यासाठी ती रचली होती. गायक गेला, मंडळी पांगली, आणि उरले ते निम्मे गाणे. दुसरे कारण काळाचे. ज्या भाषेत त्याच वेळी रवींद्रनाथ आणि नंतर नझरुल गात होते, तेथे एका ग्रामीण गायकाकडे साहित्यिकांचे लक्ष जाणे कठीणच.

तिसरे कारण सर्वांत वेदनेचे. १९४७ साली बारिसाल पूर्व पाकिस्तानात गेले. १९५० च्या दंगलींनंतर तेथील हिंदू समाज मोठ्या संख्येने निर्वासित झाला. गाणे जिवंत राहते ते ज्या गावात ते गायले जाते तेथे. येथे गावच श्रोत्यांच्या हातून निसटले. १९७१ नंतर ती भूमी बांगलादेश झाली. कवी एका देशाचा, त्याचे अंगण दुसऱ्या देशात, अशी ही स्थिती. सविताब्रत दत्तांसारख्या गायक-नटाने ही पदे कोलकात्याच्या रंगमंचावर गाऊन जागती ठेवली आणि त्यांच्या जीवनावर बंगालीत चित्रपटही निघाला, म्हणून निदान नाव उरले.

आणखी एक कारण विचाराचे आहे. राजकीय इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना 'स्वदेशीचा प्रचारक' म्हणून एका परिच्छेदात बसवले. भक्तिसंगीताच्या अभ्यासकांना ते राजकीय वाटले. त्यामुळे दोन्ही घरचा हा पाहुणा दोन्हीकडे उपाशी राहिला. वास्तविक त्यांच्या जीवनात ही दोन घरे नव्हतीच. देशासाठी मरणाला न भिण्याचे बळ त्यांना कालीच्या चरणी मिळाले होते, आणि देशाची सेवा ही त्या चरणांची पूजा होती. एकातून दुसरे वजा केले तर मुकुंददास उरत नाहीत.

मुकुंददासांचे ऋण मानायचे तर केवळ त्यांच्या नावाचा जयघोष पुरेसा नाही. महाराष्ट्रातही गावोगावी भजनी मंडळांत, कीर्तनकारांच्या घरांत, शाहिरांच्या वह्यांत अशी पदे पडून आहेत, ज्यांचे कर्ते कोण हे पुढच्या पिढीला ठाऊक असणार नाही. घरातल्या आजीला पाठ असलेले एखादे पद लिहून घेणे, चालीसकट ध्वनिमुद्रित करणे, रचणाऱ्याचे नाव-गाव टिपून ठेवणे हे काम कोणत्याही कुटुंबाला करता येण्याजोगे आहे. बारिसालच्या गायकाची मंडळी काळाने आणि फाळणीने पांगवली. येथील वह्या तशा कोणी पांगवलेल्या नाहीत. त्या फक्त उघडायच्या राहिल्या आहेत.