बॅटरीबरोबर वही द्या

(कवठे येमाई येथे शिरूर-दौंड परिसरातील सौर तंत्रज्ञांसमोर केलेले अध्यक्षीय भाषण)



येमाईमातेच्या या गावाने सकाळपासून आपली उत्तम सोय ठेवली आहे. हे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांचे गाव. येथे बोलायची संधी मिळाली हे मी भाग्य समजतो.

अध्यक्षाने मागील काळाचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो घेतो. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आली. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागले. गावठाणातल्या स्लॅबवर पॅनल चढले. शेतासाठी ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ आला. आपल्याला कामे मिळाली, नवी मुले धंद्यात आली. हे सगळे चांगले झाले. मात्र अनुदानातल्या साध्या ऑन-ग्रिड संचाला बॅटरी नसते. लाइन गेली की डोक्यावर ऊन तळपत असले तरी संच बंद होतो. खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवासाठी तो बंद झालाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण मग मळ्यात राहणारा माणूस आपल्याकडे येतो आणि म्हणतो, “दिवसाचं राहू द्या, मला रात्री उजेड पाहिजे. बॅटरीचं बोला.”

आढावा मी इथेच थांबवतो. बॅटरीचे बोलायलाच मी इतकी वर्षे थांबलो आहे.

आपल्या भागात रात्रीचा उजेड ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. इथून जवळच, पिंपरखेड आणि जांबूतच्या शिवारात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लेकरे होती. रस्त्यावर लोक उतरले, सारा महाराष्ट्र हादरला. उसाला पाणी द्यायला अनेकदा रात्रपाळीच्या लाइटची वाट बघावी लागते. गोठा घरापासून चार पावलांवर असतो आणि ती चार पावले अंधारात टाकायची असतात. अशा घरात आपण बॅटरी बसवतो. तिथे ती दोन वर्षांत बसली, म्हणजे निकामी झाली, तर ‘मेन्टेनन्सचा विषय आहे’ एवढे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

माझी तक्रार सरळ आहे. घरगुती सौर संचातल्या बहुतेक बॅटऱ्या वयाने जात नाहीत. त्या उपाशी ठेवल्यामुळे जातात, आणि त्यांची उपासमार आपण, बसवणारे लोक, घडू देतो. आपण पॅनल लावतो, फोटो काढतो, बिल देतो आणि गाडीला किक मारतो. घरातल्या माणसाच्या हातात ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर देत नाही, वही देत नाही, काय बघायचे ते सांगत नाही. मग बॅटरी बसली की तीच घरे आपल्याकडे नवी बॅटरी घ्यायला येतात. हा धंदा चालतो, पण हा चांगला धंदा नव्हे.

मी बॅटरी शिकलो ती टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये. दोन व्होल्टच्या २४ सेलची ती रांग, ४८ व्होल्टची. भिंतीला रजिस्टर टांगलेले असे. आमचे थोरले मिस्त्री ठरल्या दिवशी हायड्रोमीटर घेऊन सेल तपासत आणि प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता), व्होल्टेज, तापमान लिहीत. एखादा सेल शेजाऱ्यांपेक्षा तीस पॉइंट खाली गेला की त्याच्याकडे त्याच आठवड्यात लक्ष जाई. त्या बॅटऱ्या वर्षानुवर्षे चालल्या. आज आपल्याकडे मोबाइलवर दिसणारे इन्व्हर्टर आले, आणि त्या रजिस्टराएवढी माहिती कोणाच्याच घरात नाही.

उपासमार कशी होते ते थोडे उलगडून सांगतो, कारण नव्या मुलांना हे कोणी सांगितलेले नसते. बॅटरी खाली होताना शिशाच्या प्लेटवर लेड सल्फेटचा बारीक थर धरतो. ती लवकर आणि पूर्ण भरली तर तो थर परत शिसे, लेड डायऑक्साइड आणि ॲसिड होऊन जातो. अर्धवट भरून तशीच वापरत राहिले तर स्फटिक मोठे होतात, कडक होतात आणि पुढे कोणत्याही चार्जिंगला दाद देत नाहीत. जड ॲसिड तळाला बसते आणि प्लेटचा खालचा भाग आधी जातो. यातली मेख अशी की पहिला ऐंशी टक्के भाग लवकर भरतो आणि उरलेल्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात. तोवर ऊन कलते. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागलेला असतो, घर समजते बॅटरी भरली. पूर्ण भरलेल्या ट्युब्युलर (शिसे-ॲसिड) बॅटरीची ग्रॅव्हिटी साधारण १२४० असते. अशी अर्धवट भरलेली बॅटरी वर्षभर ११९० च्या आसपास घुटमळत राहते आणि आतून मरत जाते.

आता आपल्यातले वाद. सकाळच्या सत्रात काही मित्रांनी सांगितले की गिऱ्हाइकाला बॅकअप कमी पडला तर बॅटरी वाढवावी. मी नेमका उलटा अनुभव सांगतो. आंबळ्याकडच्या एका वस्तीवर ३३० वॅटचे एक पॅनल आणि १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी होती. रात्री उशिरा पंखा बंद पडायचा म्हणून कोणीतरी दुसरी बॅटरी समांतर जोडून दिली. जुन्या बॅटरीच्या गळ्यात नवी बांधली. पहिले काही आठवडे घर खूश होते. वर्ष उलटले तेव्हा दोन्ही गेल्या. मी हिशेब मांडला. त्या पॅनलमधून चांगल्या उन्हाच्या दिवशी, उष्णता, धूळ आणि वायरीतली घट जाऊन, एक ते सव्वा युनिट हाती लागते. घराचे दिवे, पंखा, टीव्ही मिळून पाऊण युनिट जाते. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः पंधरा-वीस वॅट खातो, म्हणजे चोवीस तासांत जवळजवळ चारशे वॅट-तास. त्यात चार्जिंगमधली घट वेगळी. जमाखर्च आधीच तोट्यात होता. टाकी वाढवल्याने विहिरीचे पाणी वाढत नाही. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला निदान पंधरा अँपिअरचा चार्ज मिळायला हवा, ही जुनी दहा टक्क्यांची खूणगाठ आजही खरी आहे. बॅकअप कमी पडला तर आधी पॅनल वाढवा, किंवा पंखा बदला. बॅटरी शेवटी.

दुसरा वाद लिथियमचा. ‘आता लिथियम आले, ही सगळी कटकट संपली’ असे बरेच जण म्हणाले. लिथियम फेरो फॉस्फेट चांगलेच आहे. अर्धवट भरलेले त्याला चालते, पाणी लागत नाही, आयुष्य कित्येक पट. पण कटकट संपली असे मी म्हणणार नाही. दौंड तालुक्यातल्या एका शिक्षकांच्या घरी नवी लिथियम बॅटरी काही दिवसांत ‘डेड’ ठरवून वॉरंटीला पाठवायची तयारी चालली होती. मी गेलो. इन्व्हर्टरची सेटिंग ट्युब्युलरवरच होती. तो अधूनमधून इक्वलायझेशनचे जादा व्होल्टेज सोडायचा आणि आतली संरक्षक यंत्रणा, बीएमएस, बॅटरी तोडून टाकायची. यंत्रणा आपले काम करत होती, बसवणारा आपले विसरला होता. सेटिंग बदलली, घर उजळले. तंत्र नवे आले तरी त्या घराकडे बघणारा माणूस लागतोच.

तिसरा वाद मला सर्वांत जास्त टोचतो. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की वीज तोडणारा लो-व्होल्टेज कट-ऑफ ‘बायपास’ करून देणारे तंत्रज्ञ आपल्यात आहेत. सिरीयलच्या मध्ये टीव्ही बंद पडला म्हणून गिऱ्हाईक रागावते आणि आपण त्याचा राग शांत करण्यासाठी बॅटरीचा जीव देतो. निम्म्याच्या खाली ती रोज ओढली की तिचे आयुष्य बरेच घटते. कट-ऑफ ही बॅटरीची शेवटची ढाल आहे. ती काढून देणाऱ्याला मी तंत्रज्ञ मानत नाही, हे आज या व्यासपीठावरून स्पष्ट सांगतो.

‘शेतकऱ्याला वही ठेवायला वेळ कुठे?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. याचे उत्तर इथल्याच एका मळ्यात मी पाहिले आहे. घरच्या सुनेला मी हायड्रोमीटर धरायला शिकवले. तिने शाळेची जुनी वही घेतली आणि दर रविवारी सहा सेलचे आकडे लिहू लागली. एका पावसाळ्यात आकडे घसरले तशी तिने स्वतःच रात्रीचा एक पंखा बंद केला आणि सकाळी नऊ ते बारा मिक्सर-इस्त्री लावायचे बंद केले, कारण त्या वेळची वीज आधी बॅटरीची. जड कामे दुपारी, बॅटरी भरत आली की. आजूबाजूच्या वस्त्यांनी दुसऱ्यांदा बॅटरी बदलली, तेव्हा तिची पहिलीच चालू होती. हे मी कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त मानतो.

बाकीची काळजी तुम्हाला माहीत आहे, तरी एकदा उच्चारतो. पाणी भरायचे ते पूर्ण चार्ज झाल्यावर, आणि डिस्टिल्डच. बोअरचे नको, आरओच्या जारचेही नको. ॲसिड कधीही घालू नका. पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी ठेवू नका. दर दहा अंश उष्णतेमागे तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे कसा असतो ते मी सांगायला नको. उन्हाळ्यात चार्जिंगचे व्होल्टेज उतरवणारा टेंपरेचर सेन्सर जोडलेला आहे का ते बघा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला की भडका उडू शकतो. देवघराशेजारी, निरांजनाजवळ बॅटरी ठेवलेली घरे मी पाहिली आहेत. अशी बॅटरी दिसेल त्याच दिवशी हलवा. टर्मिनलजवळ डीसी फ्यूज टाका. वायर कुठे शॉर्ट झाली तर शेकडो-हजारो अँपिअर क्षणात वाहतात.

आणखी एक गोष्ट, तिला मी कमी लेखत नाही. बसलेली बॅटरी भंगारात जाते तेव्हा ती कोण फोडतो, ॲसिड कोणत्या ओढ्यात ओततो, हे आपण विचारत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेऊन पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. मुलांच्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. दोन वर्षांत एक बॅटरी मारणारा तंत्रज्ञ हे विषही अधिक वेगाने गावात आणतो.

पुढे काय करायचे? एक सोपी छापील वही तयार करावी, मराठीत, सगळ्यांनी वापरायची. तालुक्यातल्या आयटीआयशी बोलून बॅटरी जपण्याचा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा. महिला बचत गटांनाही त्यात घ्यावे. जुन्या बॅटऱ्या अधिकृत ठिकाणी पोहोचवण्याची काही सामायिक सोय व्हावी. आपल्या कार्यकारिणीने बसून याचा आराखडा ठरवावा. त्यासाठी लागेल ती मदत मी करीन.

पण त्या आराखड्याची वाट पाहत बसू नका. उद्या सकाळी ज्या वस्तीवर तुम्ही बॅटरी उतरवाल, तिथे शंभर-दोनशे रुपयांचा हायड्रोमीटर आणि एक वही तुमच्या पिशवीत असू द्या. घरातल्या एका माणसाला, शक्यतो बाईमाणसाला, पहिली नोंद स्वतःच्या हाताने लिहायला लावा आणि मगच सहीसाठी बिल पुढे करा. जो हे करणार नाही, त्याने बॅटरी विकू नये.